नळीतले अन्न आणि संसदेचे मौन

रायपूरहून नागपूरकडे जाणारी गाडी राजनांदगाव सोडते आणि थोड्याच वेळात डोंगरगड येते. छत्तीसगडमधील मराठी माणसाच्या हा नेहमीच्या वाटेवरचा थांबा. तेथील चंद्रगिरी तीर्थावर 18 फेब्रुवारी 2024 रोजी जैन आचार्य विद्यासागर महाराजांनी सल्लेखना व्रताने देह ठेवला. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेल्या या मुनींनी अखेरचे तीन दिवस अन्नपाण्याचा त्याग केला होता. छत्तीसगड सरकारने अर्ध्या दिवसाचा राजकीय शोक जाहीर केला. त्याच्या साडेआठ वर्षे आधी, ऑगस्ट 2015 मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने हेच व्रत आत्महत्येच्या व्याख्येत बसवले होते आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली होती.

अंतकाळी अन्न सोडणे महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले, तेव्हा देशाने तो निर्णय आदराने स्वीकारला. परंतु विनोबा काय किंवा आचार्य काय, दोघेही शुद्धीवर होते आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. खरा पेच उभा राहतो तो ज्याला बोलता येत नाही, गिळता येत नाही, अशा रुग्णाच्या खाटेशी. नाकातून जठरापर्यंत गेलेली नळी आणि हाताला लावलेले सलाईन हे अन्न मानायचे की उपचार? अन्न मानले तर ते थांबवणे म्हणजे उपाशी मारणे. उपचार मानले तर त्याचा उपयोग संपल्यावर ते थांबवणे वैद्यकीय विवेकाचा भाग ठरते.

या प्रश्नाचे एक उत्तर वैद्यकशास्त्राने दिले आहे. मृत्यू जवळ आला की शरीराची अन्नाची गरजच ओसरते. भूक मंदावते आणि तहान बहुधा कोरड्या तोंडाची असते. ओठ व जीभ ओलसर ठेवल्याने ती पुष्कळ शमते. उलट, निकामी होत चाललेल्या शरीरात पाणी भरत राहिले तर सूज चढते, छातीत स्राव साठतो आणि श्वासाची घरघर वाढते. अमेरिकेत कर्करोगाच्या 129 अंतिम अवस्थेतील रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज एक लिटर द्रव दिलेल्यांना शंभर मिलिलिटर दिलेल्यांपेक्षा अधिक आराम मिळाल्याचे दिसले नाही. रुग्ण जेवत नाही म्हणून मरत नसतो. तो मरणपंथाला लागला म्हणून जेवत नसतो. मात्र हे वाक्य नातेवाईकांना समजावून सांगण्यास वेळ लागतो आणि गर्दीच्या सरकारी रुग्णालयात नेमका तोच नसतो.

न्यायालयाचे उत्तर यायला मात्र वेळ लागला. अरुणा शानबाग प्रकरणात 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाचे तत्त्व मान्य केले. पण अरुणाबाईंचे अन्न थांबवण्याची विनंती फेटाळली. वर्षानुवर्षे त्यांना कुस्करलेले अन्न भरवणारे मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे कर्मचारीच त्यांचे खरे आप्त आहेत, असे न्यायालयाने मानले. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क व पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली. तरीही गाझियाबादच्या एका तरुणाच्या पालकांनी ऑगस्ट 2024 मध्ये दाद मागितली, तेव्हा नळी ही जीवरक्षक यंत्रणा नव्हे, असे सांगून न्यायालयाने नकार दिला. मार्च 2026 मध्ये त्याच प्रकरणात न्या. पारडीवाला व न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने वैद्यकीय मार्गाने दिलेले पोषण हा उपचारच आहे, असे ठरवून ते थांबवण्यास परवानगी दिली. दोन निकालांमधल्या दीड वर्षात नळी तीच होती. बदलले ते तिचे कायदेशीर नाव.

हे नाव ठरवणे वास्तविक संसदेचे काम होते. विधी आयोगाने आपल्या 196व्या अहवालात, म्हणजे 2006 मध्येच, कायद्याचा मसुदा दिला होता आणि त्यात कृत्रिम पोषणाची गणना उपचारांत केली होती. 2012 च्या 241व्या अहवालाने विषय पुन्हा मांडला. 2016 मध्ये आरोग्य मंत्रालयाने मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. पुढे कायदा झाला नाही. महाराष्ट्राने तर 1985 मध्येच विधान परिषदेत प्रा. सदानंद वर्दे यांचे अशासकीय विधेयक पाहिले होते. या विषयात मते मिळत नाहीत, गमावण्याची भीती मात्र असते. म्हणूनच प्रत्येक पक्षाने तो न्यायालयाच्या दारात ठेवणे सोयीचे मानले.

या मौनाला एक प्रामाणिक कारणही आहे आणि ते डावलता येत नाही. बस्तर किंवा सरगुजातून रायपूरच्या मोठ्या रुग्णालयात आलेल्या कुटुंबाला डॉक्टरांची भाषा कळत नाही, खर्च पेलत नाही. तेथे 'नळी काढण्यास संमती' हा गरिबीने घेतलेला निर्णय ठरू शकतो. शहरातही घर नावावर असलेली एकाकी आई आणि परगावी स्थायिक मुले हे चित्र दुर्मीळ नाही. परंतु या भीतीवरचा इलाज नळी सक्तीची करणे हा नव्हे. वेदना शमवणारी उपशामक सेवा जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवणे, निर्णयाची नोंद रुग्णाच्या नातलगांच्या भाषेत ठेवणे आणि हाताने भरवता येईल तोवर घास कधीही नाकारला जाणार नाही, हे कायद्यात लिहिणे, हा तो इलाज आहे. घास ही माया आहे, नळी हा उपचार; कायद्याने दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये.

रुग्णालये हा राज्यसूचीतील, तर वैद्यकीय व्यवसाय हा समवर्ती सूचीतील विषय आहे. त्यामुळे रायपूरच्या विधानसभेलाही दिल्लीकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2023 च्या आदेशानुसार दुसऱ्या वैद्यकीय मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने एक डॉक्टर नेमावयाचा असतो. नावांची यादी आधीच तयार नसेल, तर हक्क कागदावर राहतो आणि रुग्ण अतिदक्षता विभागात.

याच आदेशाने आणखी एक दार उघडले. पूर्वी वैद्यकीय इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत असे. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले तरी पुरते. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी वाड्यांपासून नवा रायपूरच्या शासकीय निवासस्थानांपर्यंत असे अधिकारी पुष्कळ आहेत. रोज इतरांच्या दाखल्यांवर त्यांची सही व शिक्का उमटतो. नळीचा निर्णय आपल्या मुलांवर, किंवा ती दूर असतील तर ड्यूटीवरच्या अनोळखी डॉक्टरवर, सोडायचा नसेल, तर त्यांनी एकदा तसाच एक कागद स्वतःसाठीही करावयास हवा. संसद बोलेपर्यंत थांबण्याइतका वेळ प्रत्येकाच्या हाती असेलच, असे नाही.