मानवतचा प्रश्न अजून सुटलेला नाही



खुनाचे गूढ उकलणारे सिनेमे आपणही आवडीने पाहतो. लहान गाव, अंधारी गल्ली, एकामागून एक मरणाऱ्या बायका आणि शेवटी कोडे सोडवणारा हुशार अधिकारी. ‘कोणी मारले?’ हे कळले की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण बाईच्या दृष्टीने पाहिले तर खरा प्रश्न तिथे सुटत नाही.

१९८१ मध्ये अमोल पालेकरांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. दोन्हींच्या मुळाशी एकच घटना आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. मेलेल्यांत दहाएक वर्षांच्या मुली होत्या, पस्तिशीतल्या बायका होत्या, एक वर्षाचे तान्हे मूल होते. कर्ता पुरुष एकही नव्हता. गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे म्हणून हे बळी दिले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. कट रचल्याचा आरोप असलेले गावातले वजनदार गृहस्थ आणि त्यांच्यासोबत राहणारी बाई यांना उच्च न्यायालयाने सोडले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला पुरेसा दुजोरा मिळाला नव्हता. न्यायालयाने सोडलेल्यांना आपण दोषी म्हणू नये. शिक्षा झाली ती इतरांना.

पण पहिल्या खुनापासून दहाव्यापर्यंत चौदा महिने लोटले. या काळात कोणाच्या मुली मोलाच्या होत्या आणि कोणाच्या नव्हत्या? हा प्रश्न कोणत्याही गावाला विचारता येतो, आपल्या मुरगूडलाही.

दुसरी गोष्ट मूल नसलेल्या बाईची. अशा कथांत ती भेसूर, आसुसलेली दाखवतात. तिला तसे कोण करते? ओटी भरताना तिला वगळणारे आपणच. नवऱ्याची तपासणी न करता तिलाच अंगाऱ्या-धुपाऱ्याला नेणारे घर आपलेच. देवऋषाचा धंदा या अपमानावर चालतो. सिनेमा मांत्रिकाची कवटी दाखवतो, हळदीकुंकवाच्या ताटाकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही.

नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये आला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर. या कायद्यात सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे, दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण झाले असे धरून गुन्हा नोंदवावा. तरीही पोर घरी आली नाही म्हणून आई धावत गेली की, ‘पळून गेली असेल कुणाबरोबर, दोन दिवस वाट बघा’ असे तिला ऐकवणारे भेटतातच. त्यात चौकीतले असतात, तसेच भावकीतलेही. घराण्याची अब्रू जाईल म्हणून आईला दारातून मागे ओढणारे हात घरचेच असतात.

म्हणून मुरगूड आणि वेदगंगेकाठच्या आपल्या गटांनी दोन कामे पक्की करू या. मुलगी हरवली तर आई ठाण्यात एकटी जाणार नाही. दोघीजणी सोबत जातील आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत घेतल्याशिवाय उठणार नाहीत. ही प्रत फुकट मिळते, तो तक्रारदाराचा हक्क आहे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असावा. आणि दुसरे, येत्या हळदीकुंकवाला एकाही बाईला तिच्या रिकाम्या कुशीवरून किंवा कपाळावरून वगळायचे नाही.

सिनेमा जरूर पाहा. पाहून झाल्यावर मात्र गटात बसून मेलेल्या मुलींविषयी बोला. काय बोलणे झाले ते आम्हाला कळवा.