गाठीला सुई लावली की पसरते?

आमच्या मोहल्ल्यात स्तनातल्या गाठीविषयी एक वाक्य फार ठामपणे सांगितले जाते: ‘गाठीला छेडू नका, सुई लावली की पसरते.’ अनपढ बायकाच नव्हे, माझ्यासोबत शिकवणाऱ्या बी.एड. झालेल्या बाजीही हेच सांगतात. मला या वाक्याचा राग येतो. बायोप्सीमुळे कॅन्सर पसरत नाही. गाठ कॅन्सरची असेल तर ती वाढते वाट पाहण्याने.

गेल्या वर्षी माझी बायोप्सी झाली. पूर्ण भूल नाही, ऑपरेशन थिएटर नाही. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपायचे. आधी जागा बधिर करणारे इंजेक्शन. मला सगळ्यात जास्त तेच झोंबले. मग काही मिलिमीटरची चीर आणि त्यातून जाड सुई. तुकडा घेताना स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज होतो. हे आधी कोणी सांगत नाही आणि बाई दचकते. माझ्या वेळी तो चारदा झाला. दाब जाणवला, कळ नाही. टाके नाहीत, नुसती पट्टी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

नंतर थोडा ठणका राहतो, जागा काळी-निळी पडते आणि डाग जायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कपड्यात गुंडाळून बर्फ लावावा. दुखलेच तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. एक-दोन दिवस पाण्याची बादली, पिठाचा डबा उचलू नये. हे घरात आधीच बजावून ठेवा, कारण वरून काही दिसत नाही आणि दुसऱ्याच दिवशी पाहुणे येतात! ताप, पू, वाढती सूज किंवा न थांबणारे रक्त असेल तर मात्र लगेच परत जायचे.

रिपोर्टला काही दिवस लागतात. कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यावर हार्मोन आणि हर-टूच्या तपासण्या होतात, म्हणून आणखी दिवस जातात. बऱ्याच गाठी साध्या निघतात. माझी फायब्रोअॅडिनोमा निघाली.

पण ते मला कसे कळले? डॉक्टर माझ्या शौहरशी बोलत होते, मी शेजारच्या खुर्चीत. गाठ माझी, सुई मला, आणि खबर त्यांना! मी हात पुढे करून कागद मागून घेतला. प्रत्येक बाईने मागावा. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत, उर्दूत समजावून सांगा म्हणावे.

राहिला पर्द्याचा प्रश्न. लेडी डॉक्टर मागता येते, ती नसेल तर नर्सला सोबत थांबवता येते. इलाजाच्या गरजेपुरती शरियतने सवलत दिलेली आहे, हे आलिम लोकांना चांगले माहीत आहे. जुम्म्याच्या बयानात त्यांनी पाच मिनिटे यावर बोलावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. घरातले पुरुष तिथे बसलेले असतात आणि दवाखान्यात न्यायचे की नाही, ते बहुतेक तेच ठरवतात.