पडदा किती इंचाचा, हप्ता किती महिन्यांचा?



जुना टीव्ही बंद पडला, नवा घ्यायचा आहे, हाताशी पंधरा-सोळा हजार आहेत. मग एचडी घ्यावा की फोर-के? बत्तीस इंची की त्रेचाळीस? रोखीने की हप्त्याने? रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर हल्ली हे प्रश्न हमखास निघतात. म्हणून या आठवड्यात ‘घरखर्चाची वही’ टीव्हीच्या पानावर उघडली आहे.

समाजापुढे एवढे प्रश्न असताना टीव्हीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा आपल्या किती घरांत टीव्ही होता? आपली मुले दुसऱ्याच्या दारात उभी राहून, खिडकीच्या गजांना धरून टीव्ही पाहत. कुठे घरात घेत, कुठे उंबरठ्याबाहेर बसवत. ज्यांनी ते भोगले त्यांना आपल्या घरात, आपल्या भिंतीवर चांगला टीव्ही असावा असे वाटले तर त्यात चैन कसली? २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली तेव्हा घरेच्या घरे टीव्हीसमोर बसली. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ लागत असे. ज्या घरात मोबाईलला इंटरनेट नव्हते, त्या घरातल्या मुलांना तेवढाच आधार होता. तेव्हा टीव्ही जरूर घ्यावा. मात्र तो आपल्या गरजेने घ्यावा, दुकानदाराच्या गरजेने नव्हे.

आधी खोली मोजा

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. बत्तीस इंची पडदा रुंदीला सुमारे २८ इंच आणि उंचीला सुमारे १६ इंच भरतो. त्रेचाळीस इंची पडदा रुंदीला साडेसदतीस आणि उंचीला २१ इंच भरतो. दुकानात जाण्यापूर्वी भिंत आणि कपाटाचा खण टेपने मोजून घ्यावा.

चित्र ठिपक्यांचे बनते. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टीव्हींत आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. ‘फुल एचडी’त १९२० बाय १०८० आणि फोर-केमध्ये ३८४० बाय २१६०. ठिपके जास्त तितके चित्र स्वच्छ, हे खरे. पण ते डोळ्यांना दिसले पाहिजेत! साधारण चांगल्या नजरेच्या माणसाला बत्तीस इंची एचडी रेडीचे ठिपके सहा फुटांच्या पलीकडून सुटे दिसत नाहीत. त्रेचाळीस इंची फुल एचडीचेही तसेच. आपली दहा बाय दहाची खोली धरली, तर भिंतीला टेकून बसणारा माणूस पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर असतो. तिथून पाहणाऱ्याला बत्तीस इंचीत एचडी रेडी पुरते, त्रेचाळीस इंचीत फुल एचडी पुरते. त्याच पडद्यावर फोर-केसाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे न दिसणाऱ्या ठिपक्यांचे पैसे मोजणे होय.

एक अपवाद सांगतो. मुलगा किंवा मुलगी टीव्हीला लॅपटॉप जोडून जवळ बसून वाचणार असेल, तर बत्तीस इंचीतही फुल एचडी घ्यावा. बारीक अक्षरांना त्याचा उपयोग होतो.

चित्र येते कुठून?

ही गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो. टीव्ही कितीही भारी असो, बॉक्समधून जसे चित्र येईल तसेच तो दाखवणार. आपल्याकडे पुष्कळ घरांत डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक भाडे नाही, म्हणून ती आपल्या खिशाला परवडते. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या प्रतीच्या, म्हणजे एसडी असतात. मोठ्या फोर-के पडद्यावर त्या ताणून दाखवल्या जातात आणि चेहरे धूसर होतात. लहान पडद्यावर तेच चित्र बरे दिसते.

केबल किंवा डीटीएच असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. बॉक्स एचडी आहे का? घेतलेल्या वाहिन्या एचडी आहेत का? आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वायर कोणती? पिवळ्या, लाल, पांढऱ्या टोकांच्या जुन्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही, त्यासाठी एचडीएमआय वायर लागते. नवा टीव्ही आणून जुनीच वायर लावली आणि चित्र चांगले नाही म्हणून कंपनीला बोल लावला, असे पुष्कळ घरांत घडते. एचडी वाहिन्यांचे पैसे दर महिन्याला वेगळे पडतात, तेही वहीत आधीच मांडावेत.

स्मार्ट टीव्हीला इंटरनेट लागते. एचडी चित्र तासाला एक ते तीन जीबी डेटा खाते. मोबाईलवर रोज दीड जीबी मिळत असेल तर तो तास-दीड तासात संपणार आणि मग मुलीला अभ्यासाच्या वेळी मोबाईलवर काही उघडणार नाही. घरात ब्रॉडबँड नसेल आणि येण्याची चिन्हेही नसतील, तर नुसत्या ‘स्मार्ट’ या शब्दासाठी जास्त पैसे घालू नयेत. पुढे नेट आलेच, तर एचडीएमआयच्या खाचेत बसणारी छोटी स्टिक साध्या टीव्हीलाही जोडता येते.

दुकानात काय पाहावे?

दुकानातले टीव्ही अतिशय भडक उजेडावर लावलेले असतात आणि त्यांच्यावर फुले, पोपट, समुद्र असे मुद्दाम तयार केलेले चित्रण चालू असते. ते पाहून भुलू नये. साधी बातम्यांची वाहिनी लावायला सांगावी. घरात सगळे जण समोर बसत नाहीत. आजी खाटेवर, मुले खाली, स्वयंपाक करणारी माउली एका बाजूला. म्हणून दुकानात बाजूला उभे राहून आणि खाली बसूनही पाहावे. रंग उडाले, चेहरे काळवंडले, तर तो टीव्ही आपल्या खोलीचा नाही. आवाजही ऐकावा. पातळ टीव्हींचा आवाज बहुधा किरटा असतो आणि वस्तीत बाहेरचा गलका असतोच.

खोक्यावर ‘फोर-के सपोर्ट’ किंवा ‘फुल एचडी सपोर्ट’ असे मोठ्या अक्षरात छापलेले असते. त्याचा अर्थ तसे चित्र आत घेता येते एवढाच. पडद्यावर ठिपके किती, हे ‘रेझोल्यूशन’ या शब्दापुढे बारीक अक्षरात लिहिलेले असते. तो आकडा वाचावा. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बरोबर न्यावे. तिच्यासमोर दुकानदारही सांभाळून बोलतो!

वीजबचतीच्या ताऱ्यांचे लेबल पाहावे. वर्षाला किती युनिट लागतील हे त्यावर छापलेले असते. ५० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट होतात, १०० वॅटचा चालला तर पंधरा. टीव्ही एकदाच घ्यावा लागतो, बिल मात्र दर महिन्याला येते.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बत्तीस इंची व त्याहून लहान टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. तेव्हा बत्तीस इंचीवर कोणी ‘कर कमी झाला म्हणून स्वस्त’ असे सांगू लागला, तर त्याला हा हिशेब ऐकवावा.

‘बिनव्याजी’ हप्त्याचा हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. समजा एका टीव्हीची रोख किंमत घासाघीस करून १६,५०० रुपये ठरली. तोच टीव्ही ‘बिनव्याजी’ हप्त्यावर १८,००० रुपयांना मिळतो, महिना १,५०० प्रमाणे बारा हप्ते. शिवाय कागदपत्रांचा खर्च म्हणून सुरुवातीलाच ५०० रुपये. म्हणजे रोखीपेक्षा २,००० रुपये जास्त. पहिल्या महिन्यापासून आपण मुद्दल फेडत असतो, हे लक्षात घेऊन गणित केले तर हे व्याज वर्षाला सुमारे २२ टक्के पडते. याला बिनव्याजी कसे म्हणावे? शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा विचारावा : ‘रोख घेतला तर कितीला?’ हप्त्यानेच घेणे भाग असेल तर दुसरा प्रश्न : ‘मुख्य माहिती पत्रक द्या.’ १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, हे त्यात लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय सही करू नये, अंगठा तर मुळीच उठवू नये.

आपल्यात कंत्राटी सफाई कामगार आहेत, नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर आहेत, घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत. यांचे उत्पन्न एका महिन्याला येते, एका महिन्याला अडते. हप्ता मात्र तारखेला येतोच. खात्यात पैसे नसले की बँकेचा दंड वेगळा आणि कंपनीचा वेगळा. शिवाय चुकलेल्या हप्त्याची नोंद राहते. उद्या मुलीच्या नर्सिंगसाठी, इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागायला बापाने बँकेची पायरी चढावी आणि साहेबाने टीव्हीचा थकलेला हप्ता दाखवावा, ही वेळ कशासाठी आणायची?

याच गणिताची दुसरी बाजू पाहा. तेच १,५०० रुपये आपण दर महिन्याला बचत गटात किंवा बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर अकरा महिन्यांत १६,५०० होतात. अकराव्या महिन्यात टीव्ही रोखीने घरात येतो. बाराव्या महिन्याचे १,५०० आणि कागदपत्रांचे ५०० आपल्याजवळच राहतात. मधल्या काळात कोणी आजारी पडले, शाळेची फी आली, तर तो पैसा आपलाच असतो. हप्त्यात गुंतलेला पैसा अशा वेळी हाती लागत नाही.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिक गृहपतीला गृहस्थाची चार सुखे सांगितली. सचोटीने मिळवलेली संपत्ती असण्याचे सुख, ती उपभोगण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. टीव्ही पाहणे हे दुसरे सुख आहे. त्याला बुद्धांनी नको म्हटलेले नाही. परंतु दुसऱ्या सुखासाठी तिसरे सुख विकू नये. ज्या बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यांच्या अनुयायांना आपल्या रुपयाचा हिशेब आलाच पाहिजे.

बिल सांभाळा

टीव्ही घरी आला की पोचपावतीवर सही करण्याआधी खोके उघडून, टीव्ही चालू करून पाहावा. फुटलेल्या पडद्याला बहुतेक वॉरंटीत जागा नसते आणि पडदा बदलायचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा येतो. बिलावर मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्यावा, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्यावा. कंपनीचे दुरुस्ती केंद्र आपल्या गावात किंवा तालुक्यात आहे की नाही, हे घेण्याआधीच विचारावे. नसेल तर हजार रुपयांनी स्वस्त मिळणारा टीव्ही पुढे महाग पडतो.

फसवणूक झाली तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्याने काम झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. साध्या कागदावर लिहिलेला अर्ज आणि बिलाची प्रत एवढ्यावर लढाई सुरू होते. अर्ज लिहिण्याचे बळ तर आपल्याला शिक्षणाने दिलेच आहे.

जुना काचेच्या नळीचा टीव्ही भंगारात देताना तो फोडू नये, फोडू देऊ नये. त्या काचेत शिसे असते आणि भंगार फोडणारे हात पुष्कळदा आपल्याच माणसांचे असतात. दुकानाच्या अदलाबदल योजनेत किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात तो अखंड द्यावा.

या रविवारी प्रत्येकाने घरी एवढे करावे. खोली मोजावी, बॉक्स आणि वायर पाहावी आणि वहीच्या कोऱ्या पानावर ‘टीव्ही’ असे लिहून पहिल्या महिन्याची बचत मांडावी. कुणाला हिशेब जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवून घ्यावे. त्याचाही सराव होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!