मोळी, अंघोळ आणि सर्पसत्र

वाशीम जिल्ह्यातील अनसिंगचे नाव लोकपरंपरा शृंगऋषीशी जोडते. महाभारतात शृंगी नावाच्याच ऋषिपुत्राने परीक्षिताला शाप दिला आणि त्यातून पुढे जनमेजयाचे सर्पसत्र उद्भवले. साने गुरुजींच्या ‘आस्तिक’ (१९४०) या कादंबरीचा विषय तेच सत्र. ‘मातृभक्त, अश्रुप्रवण लेखक’ अशी चिठ्ठी डकवून मोकळी झालेली मराठी समीक्षा तिच्याकडे सहसा फिरकत नाही. ही केवळ वाङ्मयीन उपेक्षा नव्हे. एका राजकीय कार्यकर्त्याचा वैचारिक प्रवासच तिने गहाळ केला आहे.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’त आई श्यामला महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगते, मागाहून अंघोळ करायलाही सांगते. करुणा आहे, सोवळेही शाबूत आहे. ‘आस्तिक’मध्ये सर्प म्हणजे नाग जातीची माणसे. आर्य वत्सला नागानंदाशी विवाह करते आणि द्वेष हे राजसत्तेचे धोरण ठरते. येथे अंघोळीला जागाच उरत नाही. दयेचा प्रश्न सत्तेचा झाला, हे स्थित्यंतर ज्यांना भाबडे वाटते त्यांनी भाबडेपणाची व्याख्या तरी द्यावी!

मर्यादा आहे, आणि तीही वैचारिकच आहे. सत्र थांबते ते आस्तिकाच्या शब्दाने, राजाच्या मनःपालटाने. नागांच्या संघटित बळाने नव्हे. १९५६ साली नागपुरात नागांचा वारसा सांगणाऱ्या आंबेडकरांना हा मार्ग पुरेसा वाटला नसता. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हाही त्यांचे आवाहन सवर्णांच्या अंतःकरणालाच होते.