पेटी उघडायची परीक्षा



या अंकात कविता कमी आहेत, जागा एका परीक्षेला दिली आहे. कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्या. आपल्या वस्तीतली पोरं व्याजानं पैसे काढून ही परीक्षा देतायत आणि चळवळीच्या एकाही व्यासपीठावर तिच्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. पुढारी कमानीच्या रंगावरून भांडतायत.

परीक्षेचं नाव कॉम्पटिया ए प्लस. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याची, हेल्पडेस्कवर फोन उचलणाऱ्याची ही पहिली पायरी. १९९३ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या कॉम्प्युटर धंदेवाल्यांच्या संघटनेनं ती काढली आणि २०२५ साली परीक्षांचा अख्खा कारभार दोन गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतला. तेव्हा इथं कुणी समाजसेवा करत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा. दोन पेपर असतात. प्रत्येकाला ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. १०० ते ९०० अशा मापावर पहिल्याला ६७५ लागतात, दुसऱ्याला ७००. फी दोन्हीची वेगळी, हजारांत. नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी. पास झालात तरी शिक्का तीन वर्षांचा, पुढं नूतनीकरण. पेपर मराठीत नाही, हिंदीतही नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे एमएससीआयटीचा कागद आहे, लॅमिनेशन करून ट्रंकेत ठेवलेला. ती परीक्षा महाराष्ट्रात २००१ पासून आहे, मराठीतून देता येते, सरकारी अर्जाला लागते. पण ती कॉम्प्युटर वापरायला शिकवते, पेटी उघडायला नाही. आणि सरकारी जागा कुठायत? निम्मी कामं कंत्राटावर गेली. खाजगी कंपनीला आरक्षण लागू नाही. तिथं कागद दाखवावा लागतो, म्हणून पोरं या कागदामागे धावतायत. यात त्यांचं काय चुकलं?

आता परीक्षेच्या पोटात काय आहे ते बघू, कारण भीती तिथं बसलीय.

मी गोदीत ओझी उचलतो. पोर्ट म्हटलं की मला बंदर दिसतं. या पेपरातही पोर्ट आहेत. एका मशीनला हजारो दारं, ज्या कामाचा माल त्या दाराला लागतो. साधं वेबपान ८० नंबरला, कुलूपबंद वेबपान ४४३ ला, नावावरून पत्ता शोधायचा तर ५३, लांब बसून दुसऱ्याच्या मशीनचा पडदा हातात घ्यायचा तर ३३८९. फायरवॉल म्हणजे गेटवरचा शिपाई, पास बघून आत सोडणारा. कुठल्या धक्क्याला कुठलं जहाज आणि कुठल्या शेडात कुणाचा माल हे चिठ्ठी न बघता सांगणारी माणसं आमच्या टोळीत आहेत. त्यांच्या पोराला हे आकडे झेपणार नाहीत म्हणणारा मास्तर लबाड आहे.

आणखी एक गंमत बघा. जाळ्यावर आलेल्या मशीनला पत्ता वाटणारा एक सर्व्हर असतो. त्यानं पत्ता दिलाच नाही, तर मशीन स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतं, १६९.२५४ नं सुरू होणारा. असला पत्ता असलेली मशीनं आपसात बोलू शकतात. वेशीबाहेर त्यांचा आवाज जात नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो. गावकुसाबाहेरची वस्ती ज्यानं पाहिली, त्याला हा धडा दोनदा वाचावा लागत नाही.

खरी मारामारी इंग्रजीशी आहे. तीही सगळ्या इंग्रजीशी नाही. प्रश्नात ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’, ‘मोस्ट लाइकली’ असे शब्द मोठ्या अक्षरांत येतात. चारही उत्तरं बरोबर वाटतात, पण विचारलेलं असतं की आधी काय कराल. यंत्र कळलेली पोरं त्या एका शब्दावर पडतात. तेवढे शब्द घोटून घ्या. सुरुवातीला करून दाखवायचे प्रश्न येतात, वेळ खाणारे. ते बाजूला ठेवून पुढं जायचं, मागाहून परत यायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडायची नाही.

क्लासवाल्यांबद्दल. ‘शंभर टक्के नोकरी’ असा बोर्ड जिथं दिसेल तिथून सरळ पुढं चालू लागा. काही जण चोरलेले प्रश्न विकतात. तसलं वापरताना सापडलात तर निकाल रद्द, वर बंदी. पैसे क्लासवाल्याचे वाचतात, नाव तुमचं जातं. अभ्यासाला काय काय आहे त्याची अख्खी यादी परीक्षावाले स्वतःच फुकट देतात, आणि क्लासवाला तीच झेरॉक्स करून विकतो, साला.

दुसऱ्या पेपरात जुनी बॅटरी, टोनर यांची विल्हेवाट कशी लावायची हा प्रश्न असतो. उत्तर सोपं आहे, स्थानिक नियमांप्रमाणे. पण धारावीत मदरबोर्ड फोडणारे हात कुणाचे आहेत, हे कुठल्याच पेपरात नाही. ज्या पाटीतून आपण तांबं ओरबाडून काढतो, ती दुरुस्त करायला दुसऱ्या आडनावाचा पोरगा बोलावतात. भंगार आमचं आणि दुरुस्ती त्यांची, ही वाटणी कुठल्या कंपनीनं केली नाही, ती आधीपासूनच होती.

बिघाड शोधायच्या सहा पायऱ्या या परीक्षेत पाठ कराव्या लागतात. अडचण ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, तो तपासा, उपाय ठरवून करा, सगळं चालतंय का बघा, लिहून ठेवा. दुसऱ्या पायरीत एक सूचना आहे, उघड दिसणाऱ्या गोष्टीलाही प्रश्न विचारा. मशीन बंद आहे, तर वायर भिंतीत खोचलीय का? मला वाटतं, चळवळीच्या बैठकांत ही सूचना फळ्यावर लिहायला हरकत नाही.

काही मित्र म्हणतील, हा भांडवलदाराचा कागद, याला हात कशाला लावता. त्यांना एवढंच सांगतो. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. पैसा राजाचा होता, बदल्यात नोकरीचा करारही होता. आणि १९१७ साली ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढं शिकूनही राहायला धड खोली मिळाली नाही. कागद घ्यायचा, आणि कागदानं आडनाव पुसलं जाणार नाही हेही माहीत असू द्यायचं. मुलाखतीत ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न येणार. तो अभ्यासक्रमात नाही.

तर ठरलं ते असं. व्याजानं पैसे काढून कुणी एकट्यानं फॉर्म भरायचा नाही. फंडातून पाच जणांची पहिल्या पेपराची फी भरायची, आणि जो पास होईल त्यानं पुढच्या पाचांना शिकवायचं, मराठीतून. लॅमिंग्टन रोडवरून तीन जुन्या पेट्या आणल्यात, त्यातल्या दोन चालू होत नाहीत, म्हणून तर आणल्या. दर रविवारी सकाळी बुद्धविहारामागच्या खोलीत बसू. मुलींनी यावंच, त्यांच्यासाठी दोन जागा राखल्यात. पहिला धडा पॉवर सप्लायचा आहे. स्क्रूड्रायव्हर ज्याचा त्यानं आणावा.