वाई : मुक्काम आणि वास्तव्य

वाईत घर आणि सातारा-पुण्याकडे नोकरी, हा आता आम्हां अनेकांचा नित्यक्रम झाला आहे. सातारा सुमारे ३५ किलोमीटर, खंबाटकी घाटापलीकडचे पुणे ९० च्या आसपास. पहाटेची एसटी गाठायची, अंधार पडल्यावर परतायचे. कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती रविवारी, तेही पाहुण्यांच्या निमित्ताने दिसतात. त्यामुळे ‘पुण्याजवळचे निवांत गाव’ ही वाईची स्तुती आम्हांस खटकते. जेथे केवळ निजायला यायचे, ते गाव निवांत भासणारच!

याच गावात प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे काम चालविले. येथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. लेखक ठिकठिकाणचे, संपादन मात्र वाईचे. त्या मंडळींनी आपला दिवस वाईला दिला. आमचा दिवस शहराचा, गावाच्या वाट्याला उरतो तो थकवा.

नोकरी सोडा, असे कोण म्हणेल? परंतु आठवड्यातली एक संध्याकाळ गावच्या ग्रंथालयात, विद्यार्थ्यांसोबत वाचनात घालविणे मराठीच्या अध्यापकांना तरी अशक्य नसावे. नाहीतर विश्वकोशाचे गाव ही ओळख केवळ पाटीपुरती उरेल.