परतीच्या तिकिटाचा पुरावा आणि जंगलपट्ट्यातील मजूर

विशेष प्रतिनिधी, चंद्रपूर

परदेशी जाण्यासाठी विमानाचे एकेरी तिकीट काढणे हा गुन्हा नाही. तरीही असे तिकीट हाती असलेल्या प्रवाशाला विमानतळावर 'परत कधी आणि कशाने येणार?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. महानगरातील सरावलेला प्रवासी मोबाइलवर पुढचे तिकीट दाखवून मोकळा होतो. चंद्रपूर-गडचिरोलीतून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या तरुणाच्या कानावर मात्र हा प्रश्न बहुधा नागपूर, मुंबई किंवा हैदराबाद गाठल्यावरच पडतो. तोवर घरची जमापुंजी किंवा उसनवारीची रक्कम खर्ची पडलेली असते. या एका प्रश्नामागे दोन स्वतंत्र नियम आहेत. एक जेथे जायचे त्या देशाचा आणि दुसरा आपल्याच देशाचा. या दोहोंतील फरक न कळल्याने प्रामाणिक प्रवासी अडतो आणि फसवणारा दलाल मात्र सहज निसटतो.

विमान कंपनीची अडचण

विमान कंपनीचा कर्मचारी हा प्रश्न विचारतो, त्यामागे आर्थिक हिशेब असतो. १९४४ च्या शिकागो करारान्वये आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचे जे नियम ठरले, त्यांनुसार एखाद्या देशाने प्रवाशाला प्रवेश नाकारल्यास त्याला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर येते. अनेक देश त्यावर दंडही आकारतात. म्हणून कंपन्या 'टिमॅटिक' या माहितीकोशात प्रत्येक देशाच्या अटी पडताळूनच प्रवाशाला विमानात बसू देतात.

व्हिसाविना प्रवेश देणाऱ्या देशांत ही अट अधिक जाणवते. फिलिपिन्सने जून २०२५ मध्ये भारतीयांना १४ दिवसांची व्हिसामाफी दिली, तेव्हा परतीचे किंवा पुढील प्रवासाचे निश्चित तिकीट सोबत असण्याची अट घातली. २०२४ मध्ये पर्यटन व्हिसावर दुबईला निघालेल्या अनेक भारतीयांना परतीचे तिकीट, निवासाची सोय आणि पुरेसे पैसे यांचा पुरावा नसल्याने भारतातील विमानतळांवरच थांबावे लागले होते. तिसऱ्या देशाचे तिकीट दाखवायचे असेल तर त्या देशात प्रवेशाचा हक्कही असावा लागतो, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दहावी न झालेल्यांसाठी आपला कायदा

दुसरा नियम भारताचा आहे आणि या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट सर्वसाधारणपणे 'ईसीआर', म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी आवश्यक असलेल्या वर्गात मोडतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन या आखाती देशांसह मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया आदी १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा व्यक्तीला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. नोकरीखेरीज अन्य कारणासाठी जायचे असल्यास २००७ पासून ही मंजुरी लागत नाही. वैध पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचे तिकीट पुरेसे मानले जाते.

म्हणजे पदवीधराच्या बाबतीत जो केवळ परदेशाचा किंवा विमान कंपनीचा प्रश्न आहे, तो दहावी न झालेल्या मजुराच्या बाबतीत भारत सोडण्याचीच अट ठरतो. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या एटापल्ली, भामरागड, कोरची किंवा जिवतीच्या तरुणाला ही अट सर्वांत आधी भिडते. विशेष म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेतील दोन वर्षांची आयटीआय पदविका असेल तर ईसीआर वर्गातून सुटका होते. हे ठाऊक नसल्याने पात्र उमेदवारही पासपोर्टचा अर्ज करताना ते प्रमाणपत्र जोडत नाहीत.

पळवाट कशी तयार झाली

मजुराला फिरायला जाण्याची मोकळीक असावी, हा २००७ च्या सवलतीमागील हेतू योग्यच होता. मात्र परतीचे तिकीट हाच पर्यटनाचा पुरावा ठरल्याने दलालांचे काम सोपे झाले. मजुराच्या नावे पर्यटन व्हिसा आणि दुतर्फा तिकीट काढायचे, 'तिकडे पोहोचल्यावर कामाचा व्हिसा करून देऊ' असे सांगायचे आणि परतीचा प्रवास रद्द करायचा, ही पद्धत देशभर परिचित आहे. याहून स्वस्त मार्ग म्हणजे 'डमी तिकीट'. पैसे न भरता केलेले तात्पुरते आरक्षण काही तासांत किंवा दिवसांत आपोआप रद्द होते. काही वेळा तर निव्वळ बनावट कागद हाती दिला जातो. तो दाखवणारा प्रवासी फौजदारी कारवाईस पात्र ठरू शकतो, दलाल मात्र विमानतळावर हजर नसतो.

खरा तोटा विमान उडाल्यानंतर सुरू होतो. नोंदणीकृत दलालामार्फत 'ई-मायग्रेट' प्रणालीतून गेलेल्या कामगाराचा करार सरकारकडे नोंदलेला असतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दलालाने ३० हजार रुपये आणि जीएसटी यांपेक्षा अधिक शुल्क घेऊ नये, असे बंधनही आहे. पर्यटक म्हणून गेलेल्या मजुराला यातील काहीच लागू होत नाही. तेथे काम करताना आढळल्यास तोच त्या देशाचा गुन्हेगार ठरतो.

चौकशी कडक होण्याची कारणे

अलीकडच्या घटना पाहता इमिग्रेशन अधिकाऱ्यांचे प्रश्न वाढणे स्वाभाविक आहे. निकाराग्वाकडे निघालेले आणि फ्रान्समध्ये अडवलेले विमान २६ डिसेंबर २०२३ रोजी २७६ प्रवाशांसह मुंबईत परतले. नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून आणावे लागले. नोकरीच्या भूलथापांना बळी पडून इराणला गेलेल्या भारतीयांच्या अपहरणाच्या घटनांनंतर त्या देशाने २२ नोव्हेंबर २०२५ पासून भारतीयांची व्हिसामाफी स्थगित केली.

त्याचा फटका निरपराध प्रवाशांनाही बसतो. परदेशात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निघालेला विद्यार्थी परतीचे तिकीट काढूच शकत नाही, कारण विमान कंपन्या साधारणतः वर्षभरापलीकडचे आरक्षण देत नाहीत. विद्यार्थी किंवा नोकरीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांकडून सहसा परतीचे तिकीट मागितले जात नाही. तथापि प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र आणि निवासाचा तपशील छापील स्वरूपात जवळ असल्यास खोळंबा टळतो.

माहिती जिल्ह्यातच हवी

गडचिरोली जिल्ह्यात विमानतळ नाही आणि चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर नियमित प्रवासी सेवा नाही. सिरोंच्याच्या माणसाला तर गोदावरी ओलांडून हैदराबाद गाठणे नागपूरपेक्षा जवळ पडते. विमानतळावर चूक कळली तर ती सुधारायला परत येणे हीच मोठी शिक्षा ठरते. शिवाय येथील मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातो तो ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, उचल घेऊन. त्या प्रवासाला कागद लागत नाही. परदेशी नोकरीचा दलालही असाच ओळखीच्या माणसाचा हात धरून गावात येतो, तेव्हा त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागण्याचे कुणाच्या मनात येत नाही.

केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये १९८३ च्या कायद्याऐवजी नवा कायदा आणण्यासाठी मसुदा प्रसिद्ध केला. परंतु कायदा कोणताही असो, तो गावापर्यंत पोहोचवण्याचे काम जिल्हा यंत्रणेलाच करावे लागेल. दलालाचे नाव ई-मायग्रेटच्या यादीत आहे का आणि व्हिसावर 'रोजगार' लिहिले आहे की 'पर्यटन', या दोन गोष्टी तपासण्याची सोय जिल्हा कौशल्य विकास व रोजगार कार्यालयात, आयटीआयमध्ये आणि ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात सहज करता येईल. पासपोर्टच्या पडताळणीसाठी अर्जदाराशी पोलिसांचा संबंध येतोच. त्याच वेळी ईसीआरचा अर्थ सांगणारे मराठी, गोंडी आणि तेलुगूतील एक पत्रक हाती दिले तरी बरेच साधेल.

परतीचे तिकीट प्रवासी परत येऊ शकतो एवढेच सांगते. तो कशासाठी निघाला आहे आणि त्याच्या पाठीशी कोण आहे, हे त्यावर लिहिलेले नसते. ते विचारण्याची जागा विमानतळाची खिडकी नसून तालुक्याचे ठिकाण आहे, हे प्रशासनाने ओळखल्याखेरीज या तिकिटाचा उपयोग मजुरापेक्षा दलालालाच अधिक होत राहील.